‘देवाचा दरबार’ आणि त्याचे कागद

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १९१७ (शके १८३९) मध्यें अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ या नांवाचा एक बंधुसमाज काढला व सातारा हें त्याचें ठिकाण केलें, ही गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें आणि दरबाराचें कार्यही लवकरच थंडावलें. एवढ्यावरून, दरबार हा कवीच्या उत्तरवयांतील एक अल्पजीवी प्रयोग होय, असा निर्णय करून पुढें जाण्याचा प्रघात आहे. आम्हांस हा निर्णय अपुरा वाटतो. तो कां अपुरा, आणि जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं त्यांतून काय घ्यावें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

टिळकांचा जन्म सन १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन कुळांत झाला. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें मिशनच्या कार्यांत असतां सन १९०४ मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि सन १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू ते सांभाळूं लागले. अर्थात् दरबार काढणारे टिळक चर्चच्या उंबरठ्यावरून माघारे फिरलेले नव्हते. बावीस वर्षें ते त्याच्या माजघरांत वावरले होते. त्यांस जें उणें दिसलें तें आंतून दिसलें, आणि म्हणूनच तें विचारांत घेण्याजोगें आहे.

तें उणें कोणतें हें समजण्यास मिशनची घडण पाहिली पाहिजे. अमेरिकन मिशनरी सन १८१३ मध्यें मुंबईस आले, सन १८३१ मध्यें नगरास त्यांचें ठाणें बसलें, व सन १८४२ मध्यें ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. शिक्षण व मुद्रण यांच्या कामीं त्यांनीं केलेली सेवा मोठी आहे. ती नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु उपदेशक, शिक्षक, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखविणाऱ्या बाया, या सर्वांचें वेतन मिशनच्या खजिन्यांतून येई, आणि तो खजिना मुख्यतः समुद्रापलीकडून भरे. आत्म्याचें पोषण व पोटाचें पोषण हीं दोन्ही एकाच हातीं आलीं म्हणजे श्रद्धा कोणती व चाकरी कोणती हें शेजाऱ्यास तर कळत नाहींच. प्रसंगीं ज्याचें त्यासही कळेनासें होतें. त्यांत रविवारची उपासना झाली, वर्गणी दिली, कीं धर्म आटोपला, अशी संवय कोणत्याही सुव्यवस्थित धर्मसंस्थेंत माणसास लागतेच. टिळक संतवाङ्मयांत मुरलेले होते, आणि तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों असें ते मानीत. वेतन न घेतां, कोणी हजेरी न मांडतां, वर्षानुवर्षें पंढरीची वाट चालणारा वारकरी त्यांच्या डोळ्यांपुढें होता. ख्रिस्तभक्तीस ही मोकळी वाट कां नसावी, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं निवडलेल्या नांवांतच आहे. मराठी पवित्रशास्त्रांत ख्रिस्ती समाजास ‘मंडळी’ म्हटलें आहे. ज्या ग्रीक शब्दाकरितां हा शब्द योजिला त्याचा मूलार्थ ‘बोलावून जमविलेली सभा’ असा आहे. इंग्रजींतील ‘चर्च’ हा शब्द निराळ्या ग्रीक मुळापासून आला असून त्याचा अर्थ ‘प्रभूचें’, म्हणजे प्रभूच्या मालकीचें स्थान, असा होतो. सभा म्हटली कीं सभासद आले, आणि आंत कोण व बाहेर कोण हा प्रश्न आला. ‘दरबार’ शब्दाची जात वेगळी. फारसी ‘दर’ म्हणजे दार. आपल्या संस्कृत ‘द्वार’ शब्दाचें तें भावंडच होय. दरबारांत मानकरी असतात तसाच दाद मागण्यास आलेला परका मनुष्यही असतो, आणि दोघांचीही दृष्टि एकाच आसनाकडे असते. त्या आसनावर कोण बसला आहे, एवढीच तेथील मुख्य गोष्ट. मराठी मनास हा शब्द नवा नव्हता, आणि मिशनच्या कचेरीचा वास त्यास नव्हता.

दरबाराची रचना या अर्थास धरूनच होती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांत स्थान होतें. ज्याची जी मंडळी असेल ती त्यानें सोडावी असा आग्रह नव्हता. टिळकांनीं स्वतः वेतनावर पाणी सोडलें, पण ख्रिस्ती मंडळीशीं वैर धरलें नाहीं. कीर्तन व भजन हीं साधनें तर त्यांच्या हातचींच होतीं. कृष्णाराव सांगळे आदि ख्रिस्ती कीर्तनकारांनीं ही वाट पूर्वीं चोखाळलेली होती. टिळकांनीं आपल्या अभंगांनीं व पदांनीं ती रुंद केली.

यावर जो आक्षेप येतो तो क्षुल्लक नव्हे. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हीं ख्रिस्ती धर्मांत केवळ रूढि नसून प्रभूनें घालून दिलेले विधि आहेत. बाप्तिस्म्यावांचूनच्या मनुष्यास बंधु म्हणून पंक्तीस घेतलें तर त्या विधीचें महत्त्व काय राहिलें? शिवाय एका पुरुषाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्याच्या मागें टिकावी कशी? आमच्या मतें दुसरा आक्षेप इतिहासानें खरा ठरविला. पहिल्याचा निकाल देण्याचा अधिकार आमचा नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, टिळकांनीं बाप्तिस्मा गौण मानून दार उघडलें असें दिसत नाहीं. कुटुंब व जाति यांच्या भयानें जे दाराशींच खोळंबले होते त्यांस उन्हांत उभे ठेवणें त्यांच्या जिवावर आलें. टिळकांनीं ज्या मंडळीची चाकरी सोडली तिनेंच पुढें त्यांचीं पदें जतन केलीं, हेंही नमूद केलें पाहिजे. ‘उपासना संगीता’च्या द्वारें तीं मराठी मंडळ्यांत आजही गाइलीं जातात. चर्चपलीकडील शोधाची आठवण चर्चनेंच राखावी, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

त्या शोधाचा प्रवाहही एकदम आटला नाहीं. टिळकांच्या विचारांचा ज्यांजवर परिणाम झाला त्या जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यांनीं सन १९२२ मध्यें ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला, व लागलींच सन १९२३ मध्यें टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. हा संघ पुढें पुण्यास स्थिरावला, आणि त्यांत इंग्रज व हिंदी बंधु एकत्र राहून आश्रमवृत्तीनें उपासना करीत.

आतां संग्राहकांचा मुख्य प्रश्न. मंडळी म्हटली कीं बाप्तिस्म्यांची, विवाहांची व दफनांची नोंदवही आली. मिशन म्हटलें कीं वार्षिक अहवाल व हिशेब आले. दरबारानें माणसें मोजण्याचें मनांतच आणलें नव्हतें. तेव्हां त्याचें दफ्तर कोठें आहे असें विचारणें म्हणजे वारकऱ्याजवळ हजेरीपट मागण्यासारखें आहे. त्याचे कागद असतील तर ते घरांत असतील, आणि त्यांचें रूप निराळें असेल.

घरांत राहिलेला ग्रंथ कसा तगतो याचीं दोन उदाहरणें देतों. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. पण त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून काढलेल्या पोथ्यांमुळें. त्यांवरूनच सन १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ साल्दान्हा यांनीं रोमन लिपींत त्याची आवृत्ति काढली. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्स्डेन संग्रहांत आहे. दुसरें उदाहरण खुद्द टिळकांचें. त्यांनीं सन १९०९ मध्यें आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेलें नाहीं. पुढचा फार मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं रचला, आणि सन १९३६ मध्यें त्या निवर्तल्यानंतर सन १९३८ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें त्यांनीं हें काव्य तडीस नेलें. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ सन १९३४ पासून भागशः निघालीं. टिळकांच्या उत्तरायुष्याची माहिती घरांतल्या माणसाच्या तोंडून ऐकावयाची तर तीच वाचलीं पाहिजेत.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी. जुन्या घरांतील पेट्यांत भजनांच्या हस्तलिखित वह्या, कीर्तनाख्यानांचीं टिपणें, ‘ज्ञानोदया’चे फुटकळ अंक, साताऱ्याहून आलेलीं पत्रें आढळल्यास तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. वहीवर नांव नाहीं म्हणून ती टाकूं नये. अक्षर, पदाचा ताल, पाठभेद व कडेचीं टांचणें हींच तिचीं नांवें. वही ज्या घरीं सांपडली त्या घराची हकीकत शक्य तितकी त्याच दिवशीं लिहून ठेवावी. वस्तु घरापासून तुटली कीं तिचा अर्धा अर्थ तुटतो. आणि विशेष हें कीं, शोध केवळ ख्रिस्ती घरांपुरता ठेवूं नये. दरबारांत बाप्तिस्मा न घेतलेलेही होते. तेव्हां त्यांचे कागद देव्हारा असलेल्या घरांत, हरिपाठाच्या पोथीशेजारीं बांधलेले असण्याचा संभव आहे. अशा बासनांतील ‘परक्या’ पदांची वही आम्ही संग्राहक बहुधा बाजूस ठेवतों. या दोषांतून आम्ही स्वतःही सुटलेले नाहीं.

दरबार दोन वर्षांत संपला हें खरें. परंतु संपला म्हणजे काय, हें त्याचे कागद हातीं आल्यावांचून ठरवितां येत नाहीं. आणि ज्या पेट्यांत ते असावयाचे त्या दरवर्षीं कमी होत आहेत. ज्या वाचकांच्या पाहण्यांत असें कांहीं आलें असेल त्यांनीं तें मंडळास कळविल्यास मोठें उपकार होतील.