जुन्या बीटलचा श्वास मोकळा करताना

आपल्या अंकात पाककृती, प्रवास आणि मुलांच्या यशाच्या बातम्या नेहमीच असतात. 'यंत्रांवरही कुणीतरी लिहा ना' असा मंडळातल्या कॉलेजच्या मुलांचा बऱ्याच दिवसांचा आग्रह होता. म्हणून या वेळी विषय घेतला आहे जुन्या एअर-कूल्ड मोटारीच्या सिलिंडर हेडचा. इंजिनात हवा कशी शिरते, वाटेत ती कुठे अडते आणि ते अडथळे काढताना कुठे थांबायचं, हे सांगायचा प्रयत्न करतो. उदाहरण म्हणून घेतली आहे फोक्सवॅगन बीटल. जगात या गाडीच्या 2 कोटी 15 लाखांहून जास्त प्रती बनल्या आणि शेवटची 2003 साली मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. बडोद्यात आमच्या अप्पाकाकांच्या अंगणात तिच्यातलीच एक उभी आहे.

साडेसात मिलिसेकंदांचा श्वास

इंजिनाची ताकद पेट्रोलमधून येते हे खरं, पण पेट्रोल जाळायला हवा लागते. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल नीट जळणार. म्हणून इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंपच.

बीटलचं 1600 म्हणून ओळखलं जाणारं इंजिन 1584 सीसीचं, चार सिलिंडरचं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला 396 सीसी. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 2000 वेळा श्वास घेतो. पिस्टन वरून खाली यायला लागतात फक्त साडेसात मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापटींहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा वेळात हवेला कार्ब्युरेटरमधून निघून मॅनिफोल्डमधून हेडच्या पोर्टमध्ये शिरायचं, व्हॉल्वच्या दांडीला वळसा घालायचा, एकदम खाली वळायचं आणि व्हॉल्व व सीट यांच्यामधल्या फटीतून सिलिंडरमध्ये उतरायचं असतं.

मंगल कार्यालयातली जेवणाची वेळ आठवा. दार पुरेसं रुंद असतं, तरी गर्दी तुंबते. कशामुळे? दारापुढे कुणी चपला काढत उभं असतं, मध्ये एक पायरी असते, आत शिरताच वळण असतं. दार दुप्पट केलं तरी ती पायरी आणि ते वळण तिथेच राहतं. हेडचंही तसंच आहे. हवा अडते ती मुख्यतः चार ठिकाणी: मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडावरची पायरी, गाइडभोवतीचा उंचवटा, पोर्टच्या तळाचं आखूड वळण आणि सीटच्या लगेच मागचा कंगोरा.

एका भोकाची दोन भोकं

बीटलच्या एका हेडमध्ये शेजारचे दोन सिलिंडर असतात. सुरुवातीच्या इंजिनांत त्या दोघांना मिळून हवेचं एकच तोंड होतं. आत गेल्यावर वाट दुभंगायची. 1950च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड ओटिंगर यांनी 'ओक्रासा' नावाने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोंड असलेली हेड आणि त्यांच्या जोडीला दोन कार्ब्युरेटर विकायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियात जो व्हिटोन यांच्या 'एम्पी' कंपनीने बीटलचे सुटे भाग आणि शर्यतीचा छंद दोन्ही लोकप्रिय केले.

खुद्द फोक्सवॅगनने स्वतंत्र तोंडांची, म्हणजे ट्विन-पोर्ट हेड बीटलला दिली 1970च्या ऑगस्टमध्ये. 1285 सीसीच्या इंजिनाची ताकद तेव्हा 40 वरून 44 हॉर्सपॉवर झाली. कार्ब्युरेटर वगैरे थोडे इतर बदलही त्यात होते, पण मुख्य श्रेय मोकळ्या वाटेचं. सिलिंडर तेवढाच, पिस्टन तेवढाच, फक्त श्वास सुधारला.

आतली हवा आणि बाहेरची हवा

इथपर्यंत वाचून वाटेल की वाट जितकी मोठी कराल तितकं चांगलं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हा मोह थोडाफार खपून जातो. एअर-कूल्ड इंजिनात खपत नाही, कारण जास्त हवा म्हणजे जास्त जळण आणि जास्त जळण म्हणजे जास्त उष्णता. ती उष्णता काढून न्यायला इथे फक्त बाहेरची हवा आणि अडीच लिटर ऑइल असतं.

घरी जुनी बजाज स्कूटर असेल तर तिचं इंजिन आठवा. पंखा आणि वरून पत्र्याचं झाकण. चालत्या गाडीचा वारा तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून पंखा हवा ढकलतो आणि पत्रा तिला वळवून फिन्समधून नेतो. बीटलचीही तीच पद्धत. इंजिन मागे बंद डब्यात, डोक्यावर पट्ट्याने फिरणारा पंखा. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आत बरोबर तीन नंबरच्या सिलिंडरपुढे उभा असे. त्या सिलिंडरला कमी आणि आधीच तापलेली हवा मिळायची. म्हणून तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व जळणं ही बीटलवाल्यांची जुनी ओळखीची तक्रार. पुढे 1971च्या मॉडेलपासून कंपनीने तो कूलर बाजूला हलवून वेगळ्या कप्प्यात नेला.

आणखी एक गोष्ट. इनलेट आणि एक्झॉस्टच्या सीटमधली चिंचोळी जागा आणि तिथून स्पार्क प्लगच्या भोकापर्यंतचा भाग ही या हेडची जन्मजात दुबळी बाजू. तडा गेला तर बहुधा इथेच. शर्यतीच्या गाडीला पाव मैल पळून काही सेकंदांत थांबायचं असतं. आपल्या गाडीला मे महिन्यात सिग्नलवर उभं राहून घरी परतायचं असतं.

आमच्या घरातला वाद

अप्पाकाकांची गाडी 1972ची, ट्विन-पोर्ट 1600. गेल्या वर्षी तिचा दम कमी झाला. दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन उतरलं होतं आणि एक्झॉस्टच्या टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होत होती. इंजिन उतरवायचं ठरलं. चार बोल्ट काढले की बीटलचं इंजिन खाली येतं, हे या गाडीचं मोठं सुख.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने परदेशी दुकानातली मोठ्या व्हॉल्वची हेड शोधून ठेवली होती. मूळ हेडमध्ये इनलेट व्हॉल्व 35.5 मिलिमीटरचा आणि एक्झॉस्ट 32चा. त्या हेडमध्ये 40 आणि 35.5. "काका, नाहीतरी उघडलंच आहे, तर मोठेच टाकू या ना!" तो म्हणाला. अप्पाकाका ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं, "मला पावागडाला जाऊन त्याच गाडीने परत यायचंय. टोइंगवाल्याच्या गाडीत बसून नको."

वाद मिटवला माळ्यावर पडलेल्या एका हेडने. हे गाडीचं आधीचं हेड. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपने त्याचे पोर्ट कोरून आरशासारखे चकचकीत केले होते आणि पुढे दोन सीटच्या मध्ये तडा गेल्यामुळे ते बाद झालं होतं. मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्या चाचांकडून आम्ही ते करवतीने उभं चिरून घेतलं. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या बाजूला धातूची भिंत काही ठिकाणी इतकी पातळ झाली होती की पुतण्याने तिला बोटाने चाचपलं आणि तो गप्प झाला. उष्णता फिन्सपर्यंत न्यायची ती याच धातूने. काढलेला धातू परत लावता येत नाही.

मोठ्या पोर्टचा दुसरा तोटा रोजच्या वापरातला. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात जातं, काढला की जवळच पडतं. पोर्ट फार रुंद झाला की कमी फेऱ्यांवर हवा मंदावते, पेट्रोलचे थेंब तिच्याबरोबर न जाता भिंतीला चिकटतात आणि गाडी गावात मरगळते. शेवटी ठरलं की व्हॉल्व मूळ मापाचेच ठेवायचे, फक्त वाटेतल्या पायऱ्या काढायच्या.

काय केलं

आधी लाल डाय मारून तडे तपासले. नव्हते. एक्झॉस्ट गाइड झिजले होते, ते बदलले. व्हॉल्व डुगडुगत असेल तर सीट कितीही छान कापा, तो नीट बसणारच नाही.

मग सीट. व्हॉल्व जिथे टेकतो तो कोन 45 अंशांचा. त्याच्या वर आणि खाली वेगळ्या कोनांचे काप घेतले की हवेला एकदम वळावं लागत नाही. इथे सीटची रुंदी फार महत्त्वाची. अरुंद सीटवरून हवा चांगली जाते, पण तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व आपली बहुतेक उष्णता बंद असताना सीटमधूनच हेडला देतो. सीट फार अरुंद केली तर व्हॉल्व जळतो. म्हणून इनलेटची 1.3 ते 1.6 आणि एक्झॉस्टची 1.7 ते 2 मिलिमीटर हे कंपनीचं माप आम्ही सोडलं नाही. दोन आकड्यांतला फरक उगाच नाही.

सीटच्या मागे, जिथे यंत्राने कापलेला भाग ओतीव भागाला भेटतो, तिथला कंगोरा छोट्या ग्राइंडरने हलकेच मिसळवला. तळाच्या आखूड वळणाला फक्त गोलाई दिली, खोली नाही. मॅनिफोल्डचं तोंड आणि हेडचं तोंड गॅस्केट ठेवून जुळवलं. इनलेटचा पृष्ठभाग 80 नंबरच्या एमरीवर सोडला. एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत केला, म्हणजे काजळी कमी धरते.

पुतण्याने घरचा व्हॅक्यूम क्लीनर, एक पेटी आणि रंगीत पाण्याची यू-आकाराची नळी वापरून हवा मोजायचं साधन बनवलं. आकडे प्रयोगशाळेचे नव्हते, पण आधी आणि नंतर यांची तुलना करायला पुरेसे होते. सर्वात जास्त फरक पडला तो सीट आणि तिच्यामागच्या कंगोऱ्याच्या कामाने, तेही व्हॉल्व थोडासाच उघडा असताना. जोड जुळवल्याने थोडा फरक पडला. मग त्याने बाद हेडच्या चिरलेल्या अर्ध्या भागातल्या शाबूत पोर्टमध्ये आधी एमरी घासली, नंतर परत आरसा केला. नळीतलं पाणी जागचं हललं नाही.

चारही ज्वलनकक्षांचं आकारमान काचेसारख्या प्लास्टिकच्या तुकड्याखाली सिरिंजने रॉकेल भरून मोजलं आणि सारखं केलं. चारही भाऊ सारखे जेवले तर इंजिन थरथरत नाही.

शेवटचं काम बाहेरच्या हवेचं. ओतकामाच्या वेळी फिन्सच्या मध्ये धातूचे पातळ पापुद्रे राहून जातात आणि पंख्याची हवा तिथे अडते. बारीक कानसीने ते दोन दिवस बसून काढले. याने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, पण माझ्या मते सगळ्या कामात पैसावसूल काम हेच.

आता गाडी कशी आहे

पावागडावर माचीपर्यंतच्या चढाला जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथल्या बऱ्याच वळणांवर आता तिसरा पुरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन हजार किलोमीटरनंतरही टॅपेटची फट 0.15 मिलिमीटरवर तशीच आहे. फट आपोआप कमी होत गेली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व ताणला जातोय किंवा सीटमध्ये रुततोय असा इशारा समजावा. कान देऊन ऐकलं तर कळणार नाही, कारण फट कमी झाली की टॅपेट उलट शांत होतो. फीलर गेजनेच मोजा.

ज्यांच्या घरी जुनी एअर-कूल्ड गाडी आहे, मग ती बीटल असो की फियाट 500, त्यांना चार गोष्टी सांगतो. हेडचं काम देण्याआधी 'काय काढणार?' हे विचारा आणि 'सगळं मोठं करून देतो' असं उत्तर आलं तर हेड घेऊन परत या. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबराच्या पट्ट्या अडचण म्हणून काढून टाकू नका, थंड हवा त्यांच्यामुळेच योग्य जागी जाते. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं आणि हेड जास्त तापतं, तेव्हा जेट तपासून घ्या आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या लगेच बदला. आणि घरातल्या मुलांना कामाला बसवा. फार नाही, एक कानस आणि दोन दिवस पुरतात.

चिरलेल्या हेडचा एक अर्धा भाग पुतण्याने टेबलावर ठेवला आहे, दुसरा माझ्याकडे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीला तो घेऊन येईन. ज्यांना पोर्ट म्हणजे नेमकं काय ते पाहायचं असेल, त्यांनी अवश्य या.