शाळेची परसबाग हिवाळ्यातली, अन् अर्धी पोरं उसाला

रब्बीचा हंगाम आला की या पानावर ज्वारीवरची चिकटा, हरभऱ्यावरची घाटेअळी हेच विषय येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण आज मी तुम्हाला जेमतेम एक गुंठ्याच्या शेतावर नेणार आहे. त्या शेताला सातबारा नाही, पीककर्ज नाही. कारभारी आहेत दुसरी ते पाचवीची पोरं.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाला लागू पडेल. जिल्हा परिषदेची शाळा, पट ४६. शाळेच्या मागं मुरमाड पडीक तुकडा. आमच्या खात्याच्या कामासाठी त्या गावी माझं येणं-जाणं होतं. एकदा गुरुजींनी चहाला बसवलं आणि म्हणाले, "साहेब, खिचडीत टाकायला भाजी नाही. बाजार आठवड्यातनं एकदा, त्यातली मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी. आपलं काही करता येईल का?"

पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडं महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. मी स्वतः तिसरीत असताना पिशवी घेऊन तो आणलेला आहे. पुढं शिजवलेलं अन्न आलं, २०२१ मध्ये योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं. शाळेत परसबाग करा, असं केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलेलं आहे. कागद शाळेत पोचलेला होता. फाईलीत होता.

हिशेब पोरांनीच केला

पहिली ते पाचवीच्या पोराला रोज ५० ग्रॅम भाजी द्यावी असं योजनेचं प्रमाण आहे. ४६ गुणिले ५०, म्हणजे २ किलो ३०० ग्रॅम. हे गणित पाचवीच्या वर्गानं फळ्यावर केलं. मग मी सांगितलं की दहा फूट बाय चार फुटाच्या वाफ्यात चांगली आलेली मेथी साधारण अडीच-तीन किलो भरते. म्हणजे एक वाफा, एक दिवस. आठवड्यातनं दोनदा पालेभाजी हवी, आणि मेथी काढणीला यायला पाच आठवडे लागतात. तर वाफे किती? एक मुलगी उठून म्हणाली, "दहा." बरोबर. दहा वाफे, ४०० चौरस फूट, पाय ठेवायच्या वाटा धरूनसुद्धा एका गुंठ्याच्या निम्म्यातच बसतात.

मंडळी, इथं आपल्यातले बरेच जण चुकतात. पावसानंतर वापसा आला की सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी बी टाकायचं, सव्वा महिन्यानं सगळी भाजी एकदम, आणि मग गुरुजी गावभर मेथी वाटत फिरतात. पुढचा महिना पुन्हा कोरडा. म्हणून पोरांनी पाळी लावली. दर सोमवारी एक वाफा, दर गुरुवारी एक वाफा. भिंतीवर कोळशानं तक्ता काढला. पाव किलो मेथी बी दहा वाफ्यांना पुरलं.

मुरमात काय येणार, असं गावात लोक हसले होते. शाळेसमोर राहणाऱ्या एका शेतकऱ्यानं दोन ट्रॉल्या गाळ आणि शेणखत टाकून दिलं. कुंपणाचा विषय मात्र मासिक सभेत तीनदा निघाला आणि तीनदा पुढं ढकलला. शेवटी बोरीच्या काट्या तोडून आणल्या, त्या फुकट होत्या. शेळ्या थांबल्या.

पाण्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. जेवणानंतर ताटं आणि हात धुण्याचं पाणी आधी रस्त्यावर जायचं. त्याला एक चर काढून वाफ्यांकडं वळवलं, मधे खडी-वाळूचा खड्डा केला म्हणजे शितं अडकतात. साबणाच्या पाण्याला वेगळी वाट दिली. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून घातलं. पोरांनी मोजलं तेव्हा रोज दहा-बारा बादल्या निघाल्या. हिवाळ्यात बाष्पीभवन कमी, तेवढ्यावर पालेभाज्या निभावल्या. उन्हाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा उन्हाळी बागेचा हट्ट धरू नका.

माझी चूक, आणि माव्याची गोष्ट

कोथिंबिरीच्या बाबतीत मी तोंडावर पडलो. पोषण आहाराच्या मसाल्यातले धने चांगले दिसले, म्हणून "तेच टाका" म्हणालो. घाईत रगडायचं सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी वाफा बघितला तर इथं एक रोप, तिथं एक रोप, टक्कल पडल्यासारखं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सायेब, धनं चपलंखाली रगडल्याबिगर उगवत न्हाईत, एवढं बी ठावं न्हाई व्हय?" पोरं पोट धरून हसली. दुसऱ्या वेळी धने फरशीवर रगडून त्याच्या दोन डाळी केल्या, रात्रभर भिजवले, सावलीत कोरडे करून ओळीत टाकले. दहा-बारा दिवसांत वाफा हिरवा.

बियाण्याबद्दल एक सूचना, ही सरपंचांनी आणि शिक्षकांनी दोघांनीही ध्यानात घ्यावी. पाकिटातलं बी लाल-निळं-हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते लहान पोरांच्या हातात देऊ नये, मोठ्या माणसानं पेरावं, हात साबणानं धुवावेत, आणि उरलेलं बी कधीच स्वयंपाकघराकडं जाऊ देऊ नये. शक्य तर घरचं, बिनरंगाचं बी घ्या आणि ट्रायकोडर्मा लावा, किलोला चार-पाच ग्रॅम. शाळेच्या बागेत रासायनिक फवारणी नको म्हणजे नको. आपल्या कापसावरचा उरलेला डबा "थोडं मारून देतो" म्हणून कोणी आणला तर त्याला गेटवरनंच परत पाठवा.

डिसेंबरात ढगाळ हवा आली आणि वालाच्या वेलावर मावा पडला. शेंड्यांवर काळी रांग. त्याच शेंड्यांवर काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या बारक्या अळ्या होत्या, आणि पोरं त्या दगडानं चेचत होती. मी पळत गेलो. अरे बाबांनो, ही ढालकिड्याची पिल्लं! हीच मावा खातात. एक अळी काडेपेटीत ठेवून सोबत माव्याचं पान टाकलं. दुसऱ्या दिवशी पान साफ. त्या दिवसापासून पोरं ढालकिड्याची राखण करू लागली. बाप कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेऊन निघाला तर "आबा, आधी ढालकिडा बघा" असं सांगणारा एक चौथीतला पोरगा मला ठाऊक आहे. बापानं ऐकलं की नाही ते ठाऊक नाही.

मावा फारच वाढला तेव्हा निंबोळी अर्क केला. अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून एकूण दहा लिटर, त्यात थोडं साबणाचं पाणी. फवारणी संध्याकाळी. निंबोळ्या पोरांनी जून-जुलैतच वेचून वाळवून ठेवल्या होत्या. हे काम हिवाळ्यात आठवून उपयोग नाही. शिवाय एका जुन्या पत्र्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोळलं आणि काठीला टांगलं, त्यावर पंखवाला मावा आणि पांढरी माशी चिकटते.

पाणी एरवी सकाळीच द्यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पान कोरडं होतं, रोग कमी येतो. पण पारा एकदम उतरला की त्या संध्याकाळी हलकं पाणी दिलेलं बरं, ओली जमीन ऊब धरते. जानेवारीत तशा दोन रात्री आल्या.

कोयता निघाला तेव्हा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येतो. सप्टेंबरात परसबाग मंडळात २२ पोरं होती. दसरा झाला, मुकादमांच्या गाड्या गावात लागल्या, आणि दिवाळीच्या आगेमागे ९ पोरं आईबापाबरोबर गेली. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. पाणी-पाळीचा तक्ता निम्मा मोकळा झाला. "दहा" असं उत्तर देणारी मुलगी त्यातच होती. तिनं जायच्या आदल्या आठवड्यात लसणाचा एक वाफा लावला होता. पाकळीचं टोक वर, दोन बोटं खोल, ओळीत वीतभर कमी अंतर. सगळं नीट.

तुम्ही म्हणाल, हे दरवर्षीचंच आहे. आहेच. म्हणूनच सांगतो. मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं ते चालवायचं, सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं आणि दुपारचं शाळेत. पोर आजी-आजोबांजवळ गावातच राहतं, शाळा बुडत नाही. या गावानंही मागणी केली होती. पण यादी ऑक्टोबरात केली, कागद वर गेला, आणि मंजुरी खाली येईपर्यंत गाड्या निघून गेल्या होत्या. कोणाचं चुकलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. यादी उशिरा केली हे मात्र खरं, आणि ते गावाच्याच हातात होतं.

तेव्हा ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना हात जोडून सांगणं आहे. कोणाच्या घरचा कोयता जाणार हे गावाला ऑगस्टमध्येच ठाऊक असतं, कारण उचल तेव्हाच घेतलेली असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच कुटुंबांची यादी वाचा. मागं कोण राहणार, पोराला कोण सांभाळणार, हे त्या कुटुंबाकडून त्याच दिवशी लिहून घ्या. ज्यांना पोरं नेल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, म्हणजे तिकडं कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. यंदा या गावानं तसा ठराव घेतला आहे. यादीत ११ नावं आली, त्यातल्या ७ घरांनी पोरं मागं ठेवायला होकार दिला. पुढं काय होतं ते बघायचं आहे.

राहिलेल्या १३ पोरांनी बाग सोडली नाही, हेही नोंदवलं पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेसमोरच्या दोन आज्यांनी पाणी घातलं. डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातनं दोनदा नाही, पण एकदा तरी ताजी पालेभाजी ताटात आली. गाजर वेडीवाकडी आली, मुरमात तशीच यायची. तरी पोरांनी कच्चीच संपवली. मुळ्याचा पाला फेकायचा नसतो हे मावशींनी शिकवलं. पालक मेथीपेक्षा परवडतो, एका पेरणीत तीन-चार कापण्या देतो. पुढच्या वर्षी चार वाफे पालकाचे करा, असं मी सांगून ठेवलंय.

लसणाची पात फेब्रुवारीत पिवळी पडून कलंडायला लागली. पाणी तोडलं, आणि महिनाअखेरीला गड्डे उपटले. पातीसकट चार दिवस सावलीत वाळवून जुड्या बांधल्या आणि व्हरांड्याच्या दांडीला टांगल्या. एका जुडीला गुरुजींनी चिठ्ठी अडकवून ठेवली.

ती मुलगी एप्रिलात परत आली. सहा महिन्यांत तिनं पाटी धरली नव्हती, उसाचे वाढे बांधले होते, धाकट्या भावाला सांभाळलं होतं. जुडी हातात घेऊन तिनं गड्डे मोजले आणि मला विचारलं, "सर, खाल्लं नाही तर दसऱ्यापर्यंत टिकंल का? आईच्या बांधावर लावायचाय."

मी सांगितलं, पात कापू नकोस, चुलीपासून लांब, वारं लागेल असा आढ्याला टांग, आणि मऊ पडलेला गड्डा आधी काढून खा. पावसाळ्यात महिन्यातनं एकदा जुडी उतरवून बघ. चांगले राहतील त्यातले मोठे गड्डे बियाला ठेव.