भरलेला ट्रक हायवेवर अचानक बंद पडतो, दोष कंपनीचा निघतो; मग हा 'रिकॉल' नेमका कसा होतो?

मागे लोड आहे, स्पीड चांगला आहे आणि अचानक इंजिन बंद. स्टीअरिंग जड होतं, मागून गाड्या येतायत. अशा वेळी चूक ड्रायव्हरचीच असेल असं नाही. कधीकधी दोष कंपनीतूनच आलेला असतो.

अमेरिकेत असंच झालं. २०२१ च्या शेवटी तिथे 'रॅम'चे २०१९ आणि २०२० मॉडेलचे सुमारे २ लाख २२ हजार हेवी ड्युटी डिझेल ट्रक रिकॉल झाले. कारण होतं हाय प्रेशर फ्युएल पंप.

पंपात असं काय बिघडतं?

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल जवळपास २,००० बार दाबाने इंजेक्टरपर्यंत जातं. कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या साधारण हजारपट! आणि या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पंप आतून झिजला, की धातूचे बारीक कण अख्ख्या सिस्टीममध्ये पसरतात. इंजिनला डिझेल मिळत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडते.

दुसरा धोका लीकेजचा. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही. पण त्याचा फवारा तापलेल्या टर्बोवर पडला, तर ठिणगीचीही गरज लागत नाही.

रिकॉल म्हणजे गाडी परत घेतात का?

बहुतेक वेळा नाही. सर्व्हिस सेंटरला पार्ट फुकट बदलून मिळतो. अमेरिकेत दोष नक्की झाल्यावर कंपनीला ५ कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवावं लागतं आणि ६० दिवसांत मालकांना पत्र पाठवावं लागतं.

आपल्याकडे काय नियम आहे?

आधी सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. गाडी ७ वर्षांपेक्षा कमी जुनी हवी. ट्रक-बसच्या बाबतीत वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के तक्रारी आल्या, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

मग अडतं कुठे?

सगळा खेळ नोंदीवर आहे. पंप गेला, ढाब्याजवळच्या मेस्त्रीने जुगाड केला, गाडी निघाली. तक्रार कुठेच नोंदली नाही, म्हणजे त्या ३ टक्क्यांत ती धरलीच जात नाही. दुसरी गोष्ट, रिकॉलचं पत्र जातं रेकॉर्डवरच्या मालकाला. ट्रक सेकंडहँड घेतला असेल, तर ते जुन्या मालकाकडे पडून राहू शकतं. आणि केबिनमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरला तर कुणी विचारतच नाही.

तुम्ही काय करू शकता?

• आरसी बुकवरचा १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन रिकॉल बाकी आहे का, ते विचारा.
• जुना ट्रक घेतल्यावर आपलं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर कंपनीकडे अपडेट करा.
• डिझेलचा वास, पाइपखाली ओल, अचानक पिकअप कमी होणं, फिल्टरमध्ये चमकणारे कण, यातलं काहीही दिसलं तर गाडी दाखवून घ्या.
• चालू इंजिनवर लीकेज हाताने चाचपू नका. हा फवारा कातडीतून आत घुसतो.
• दोष परत परत येत असेल, तर 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

ओळखीत कुणी ट्रक चालवत असेल, तर हे त्याला नक्की पाठवा. कंपनीचं पत्र त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.