माडी करकरतेय? फळ्या उचकटण्याआधी खालून बॅटरी मारून बघा

शिरूर/दौंड : वर नातवानं पाऊल टाकलं की खाली झोपलेली आजी जागी होते. तळेगाव ढमढेरेसारख्या जुन्या गावात असो की पाटसकडच्या गावठाणात, लाकडी माडीच्या घरात हे ठरलेलंच. मग घरात वाद सुरू होतो. माडी पाडायची, की वरून कोबा करून टाकायचा? थांबा, आधी आवाज कुठून येतो ते शोधा.

करकर म्हणजे माडी पडायला आली, असं नाही. बहुतेक वेळा फळीचा खिळा सैल झालेला असतो. पाय पडला की फळी कडीवर दबते, खिळ्याला घासते आणि वाजते. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं म्हणून आवाज वाढतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की कमी होतो. त्यामुळे शोध घ्यायचा तो उन्हाळ्यातच.

एकानं वर सावकाश चालायचं, दुसऱ्यानं खाली बॅटरी घेऊन कडीपाटाकडे बघत उभं राहायचं. जिथं फळी हलताना दिसेल तिथं खडूची खूण करा. फळी आणि कडी यांच्यात फट असेल तर खालून लाकडाची पातळ पाचर सारा. पण घाव घालून ठोकू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीच पाचर फळी वर उचलते. फट नसेल तर वरून स्क्रू मारा. जुन्याच जागी नवा खिळा ठोकला की चार दिवस गप्प आणि पुन्हा करकर. १ इंचाच्या फळीला २ ते अडीच इंची स्क्रू पुरतो. जुनं सागवान चिवट असतं. आधी ड्रिलनं बारीक भोक पाडलं नाही तर फळी चिरते नाहीतर स्क्रू तरी तुटतो. स्क्रूला साबण लावला की सहज आत जातो.

आपल्याकडं फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवायची पद्धत होती. ती माती पावलांचा आवाज गिळायची. साफसफाई म्हणून माती काढून टाकली आणि माडी जास्त वाजायला लागली, असं म्हणूनच होतं.

आता धोक्याचं. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं पेचकस टोचून बघा. भिंतीतला ओलावा तिथंच मुरतो आणि वाळवीही तिथंच लागते. पेचकस सहज आत गेला, मातीच्या नळ्या दिसल्या किंवा तुळई मध्ये झुकलेली दिसली, तर वरचं सामान आधी खाली आणा, टेकू द्या आणि जाणकार सुताराला किंवा इंजिनिअरला बोलवा. काळ्या मातीतलं घर असेल आणि आवाजासोबत भिंतीला तिरकी भेग पडली असेल, तर दोष माडीत नसून पायात असू शकतो.

आणि तो कोबा? १० बाय १० फुटांच्या खोलीत २ इंचाचा कोबा म्हणजे साधारण ११०० किलो वजन. वर फरशीचं वेगळंच. जुन्या तुळईवर एवढा बोजा टाकायचा, तोही फक्त करकर बंद व्हावी म्हणून?

रांजणगाव, कुरकुंभ एमआयडीसीच्या आसपास वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असतात, तिथली तक्रार वेगळी. तिथं आरसीसी स्लॅब असतो. शिफ्टवरून आलेल्या पोरानं मध्यरात्री खुर्ची ओढली की खाली धडधड. खालून पीओपी केल्यानं यात फारसा फरक पडत नाही, कारण दणका स्लॅबमधूनच उतरतो. तो वरच अडवायचा. जाड रबरी चटई, खुर्ची-खाटेच्या पायांना रबरी बूट, एवढ्यावर बरंच भागतं. फरशीच पोकळ वाजत असेल तर नाणं वाजवून बघा. आवाज बद्द आला तर खाली मसाला भरलेला नाही. तेवढीच फरशी उचलून पुन्हा बसवा आणि सांधा २-३ मिलिमीटर मोकळा ठेवायला गवंड्याला सांगा. नाहीतर उन्हात तापून ती पुन्हा उचलली जाईल.

राहिला रात्री कुणी चालत नसताना होणारा टकटक आवाज. दिवसभर तापलेले पत्रे आणि लाकूड गार पडताना आकसतात, त्याचाच तो असतो. त्यासाठी देवऋष्याकडं जायची गरज नाही.