दिव्याखालील गांजाचे रोप : प्रकाशताण व अन्नद्रव्यताण यांचे निदान

प्रास्ताविक

गांजाची वनस्पती भारतीय वाचकाला नवी नाही. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, असे तीन शब्द आपल्या भाषांत एकाच झाडाच्या तीन भागांसाठी रूढ आहेत. युनानी वैद्यकाच्या ग्रंथांत हीच वनस्पती 'किन्नब' या अरबी नावाने येते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय तिची लागवड करणे हा गुन्हा आहे. औद्योगिक तागासाठी परवाने देण्याचे धोरण उत्तराखंडने २०१८ मध्ये स्वीकारले, पण तो वेगळा विषय आहे.

कॅनडात मात्र २००१ पासून वैद्यकीय वापरास आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांच्या सर्वसाधारण वापरास कायद्याची मान्यता मिळाली. त्यामुळे हे झाड बंद खोल्यांत, दिव्यांखाली, परवानाधारक उत्पादकांच्या देखरेखीखाली वाढू लागले आणि त्याबरोबरच ते विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतही आले. त्या प्रयोगशाळांतून गेल्या काही वर्षांत जे हाती आले आहे, त्याचा उपयोग वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या कोणत्याही अध्यापकास होण्यासारखा आहे. पिवळे पडलेले पान पाहून कारण कसे शोधावे, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

उघड्या शेतात पान पिवळे पडले तर पाऊस, ऊन, जमीन, कीड अशी अनेक कारणे पुढे करता येतात. बंद खोलीत ऊन नाही, पाऊस नाही, बहुधा मातीही नाही. दिवा किती उंचीवर टांगायचा, पाण्यात कोणते क्षार किती घालायचे, हवा किती खेळती ठेवायची, हे सर्व माणूसच ठरवितो. त्यामुळे चूक शोधणे सोपे जावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात उलट घडते. पान फिकट दिसले की उत्पादकाचा हात प्रथम खताच्या बाटलीकडे जातो. कारण खताची कमतरता नसून मुळांजवळ साठलेले जादा क्षार हे असेल, तर त्या उपायानेच झाड करपते. शिवाय हे पीक औषध म्हणून रुग्णाकडे जाणार असेल, तर नुकसान केवळ वजनाचे नसते. औषधी द्रव्याचे प्रमाणही बदलते.

पान जुने की कोवळे?

वनस्पतीला सतरा मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. आवश्यक कशास म्हणावे याचे निकष आर्नन व स्टाउट यांनी १९३९ मध्ये मांडले, आणि ते आजही वर्गात शिकविले जातात. निदानाच्या दृष्टीने मात्र या सतरांची दुसरी एक विभागणी अधिक कामाची आहे : झाडाच्या अंगात कोणते द्रव्य हलते आणि कोणते हलत नाही.

नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये चल आहेत. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतील साठा काढून शेंड्याकडे पाठविते. घरात धान्य कमी पडल्यावर थोरांनी आपल्या ताटातले लेकरांना द्यावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून या द्रव्यांच्या कमतरतेची खूण प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसते. याउलट कॅल्शियम, लोह व बोरॉन ही द्रव्ये एकदा पानात स्थिरावली की सहसा तेथून निघत नाहीत. त्यांची कमतरता नव्या, कोवळ्या पानांवर उमटते. गंधक, जस्त व तांबे यांची वागणूक या दोहोंच्या मधली आहे.

हे एक सूत्र किती दूरवर नेते, ते मॅग्नेशियम व लोह यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. दोन्हींच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. छायाचित्रात नुसते एक पान दाखविले तर अनुभवी माणूसही फसतो. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा मध्यबिंदू आहे. लोह त्या रेणूत नसते, परंतु तो रेणू तयार होण्यासाठी लागते. परिणाम एकसारखा दिसतो, पण पहिल्यात तो खालच्या पानांवर दिसतो आणि दुसऱ्यात शेंड्यावर. म्हणूनच सुट्या पानांच्या रंगीत तक्त्यांवरून निदान करण्याची जी पद्धत बोकाळली आहे, ती फारशी विश्वसनीय नाही. तक्त्यात पान असते, झाड नसते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही उणीव पद्धतशीरपणे भरून काढण्याचा प्रयत्न झाला. स्वच्छ वाळूत रोपे लावून प्रत्येक गटाला एक द्रव्य वगळून बाकी सर्व द्रव्ये दिली गेली. खूण दिसू लागताच तिची नोंद घेऊन रोपाचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले. साक्स व क्नोप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी द्रावणपद्धती रूढ केली, तिचाच हा वारसा होय.

दिवा जवळ की लांब?

अन्नद्रव्याची खूण पानाच्या वयानुसार पसरते, तर प्रकाशाची खूण दिव्यापासूनच्या अंतरानुसार पसरते. प्रकाश जास्त झाला तर दिव्याच्या थेट खाली असलेले शेंडे फिकट, प्रसंगी पांढरट होतात, आणि कडेची रोपे हिरवी राहतात. लोहाची कमतरता असेल तर एकाच द्रावणावर वाढणाऱ्या सर्वच रोपांचे शेंडे कमीअधिक पिवळे पडतात, मग ती दिव्याखाली असोत वा कडेला.

कमी प्रकाशाची फसवणूक याहून सूक्ष्म आहे. झाडी दाट झाली की खालची पाने सावलीत जातात, पिवळी पडतात आणि गळतात. ही नत्राच्या कमतरतेची हुबेहूब नक्कल असते. येथे टेबलाच्या कडेची रोपे पाहावीत. बाजूने उजेड मिळणारी त्यांची खालची पाने हिरवी असतील, तर दोष नत्राचा नव्हे, सावलीचा. फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत खालची पाने पिवळी पडणे हे तर वयाचेच लक्षण असते, आणि त्यावर उपाय करण्याचे कारण नाही.

प्रकाश मोजण्यात एक चूक वारंवार होते. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बनविलेले आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. जांभळट एलईडी दिवा म्हणून डोळ्याला मंद वाटतो, पण झाडाला तो प्रखर असू शकतो. वनस्पतीसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण मोजावे लागतात, आणि ते दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात, असे सांगितले जाते. स्वच्छ दुपारच्या उन्हात हा आकडा २,००० च्या घरात असतो. दिव्याखाली ६०० असेल आणि दिवा १२ तास चालू असेल, तर दिवसभराची बेरीज सुमारे २६ मोल होते. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही करू शकतो. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो हा नियम मात्र येथे डोळे मिटून लावू नये. तो बिंदूसारख्या उगमाला लागू आहे. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत रांगेने लावलेल्या दिव्यांना नाही.

किती प्रकाश म्हणजे जास्त प्रकाश? कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुलोऱ्याच्या काळात रोपांना १२० पासून १,८०० मायक्रोमोलपर्यंत प्रकाश दिला. फुलोऱ्याचे उत्पन्न त्या संपूर्ण कक्षेत सरळ रेषेत वाढत गेले. एकेका पानाचे प्रकाशसंश्लेषण मात्र त्याआधीच मंदावले होते. म्हणजे एका पानाच्या मर्यादेवरून संपूर्ण झाडाची मर्यादा ठरविता येत नाही. अमुक आकड्यापुढे झाड जळते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घ्यावा. मंद उजेडात वाढलेले रोप एकाएकी प्रखर दिव्याखाली आणले तर ते भाजते. तेच रोप हळूहळू सवय लावली तर पुष्कळ सहन करते, कारण जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकणारी रंगद्रव्ये पानात मध्यंतरी वाढलेली असतात.

दोन्ही ताण एकाच पानावर

येथवर प्रकाश व अन्नद्रव्य असे दोन स्वतंत्र आरोपी मानून विवेचन केले. निसर्ग ही विभागणी नेहमी पाळत नाही. मार्शनर व चाकमाक यांनी १९८९ मध्ये घेवड्याच्या रोपांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मॅग्नेशियम, पालाश किंवा जस्त कमी असलेल्या रोपांना प्रखर प्रकाश दिला तर पाने पिवळी पडून करपली. त्याच पानांचा जो भाग सावलीत ठेवला होता, तो मात्र बराचसा हिरवा राहिला. द्रव्याची उणीव दोन्ही भागांत होती; खूण फक्त उजेडातल्या भागावर उमटली.

याचे कारण असे की ही द्रव्ये कमी असली म्हणजे पानात तयार झालेली साखर बाहेर नीट जात नाही किंवा कर्बग्रहण मंदावते. प्रकाश पडतच राहतो, त्याची ऊर्जा वापरली जात नाही आणि ती ऑक्सिजनच्या विध्वंसक रूपांकडे वळते. त्यामुळे हरितद्रव्य नष्ट होते.

म्हणून पानावर सावलीची स्पष्ट रेघ दिसली की 'प्रकाश जास्त झाला' असा निकाल देणे उतावीळपणाचे ठरते. ती रेघ शेंड्याच्या पानांवर असेल तर संशय दिव्यावर घ्यावा. ती मधल्या वा जुन्या पानांवर असेल तर दिवा हा केवळ दोष उघड करणारा साक्षीदार असण्याची शक्यता अधिक. दिवा वर उचलला तर खूण थांबेल, पण उणीव तशीच राहील. उर्दूत निदानाला 'तशख़ीस' म्हणतात. त्याचे मूळ 'शख़्स' या शब्दात आहे. अनेकांतून नेमका एक ओळखून काढणे हा त्यातला भाव. या प्रकरणी मात्र कधीकधी दोघांना ओळखून काढावे लागते.

मुळांकडे पाहणे

पानावर कमतरता दिसते याचा अर्थ द्रावणात ते द्रव्य कमी आहे असा नव्हे. महाराष्ट्रातील चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा-पांढरा पडतो, त्याला शेतकरी 'केवडा' म्हणतात. त्या जमिनीत लोह भरपूर असते, पण सामू जास्त असल्याने ते मुळांना घेता येत नाही. कुंडीतल्या रोपाचेही असेच होते. मातीविरहित माध्यमात सामू साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राहिला नाही, तर बाटलीतले सर्व लोह निरुपयोगी ठरते.

कॅल्शियमची गोष्ट आणखी निराळी आहे. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि तो प्रवाह पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनावर अवलंबून असतो. हवा कोंदट असेल तर कोवळी, मिटलेली पाने बाष्प सोडत नाहीत. मग द्रावणात कॅल्शियम मुबलक असूनही त्यांच्या कडा करपतात. दिव्याखालच्या लेट्यूसमध्ये हा दोष सर्वपरिचित असून त्यावरचा खरा उपाय खत नसून पंखा हा आहे.

त्यामुळे उपायाआधी मापन करावे. पाणी दिल्यानंतर सुमारे तासाभराने कुंडीवर थोडे शुद्ध पाणी ओतून खाली निथळणारे पाणी गोळा करावे आणि त्याचा सामू व विद्युतवाहकता मोजावी. वाहकता दिलेल्या द्रावणापेक्षा बरीच जास्त असेल तर क्षार साठले आहेत. अशा वेळी पानांची टोके करपलेली असतात, आणि अननुभवी माणूस ती पालाशची कमतरता समजतो. येथे खत वाढविणे म्हणजे रोग्याला तोच विषाचा प्याला पुन्हा देणे होय.

जादा खताचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. इस्राएलमध्ये सालोनर व बर्नस्टाइन यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की नत्राचा पुरवठा वाढवीत नेला असता फुलोऱ्यातील औषधी द्रव्यांचे प्रमाण घटत जाते. रोप गडद हिरवे व तजेलदार दिसते, औषध मात्र पातळ होते. फुलोऱ्याच्या काळात स्फुरद भरपूर द्यावे, असा एक समज उत्पादकांत दृढ आहे, आणि देठ जांभळे दिसले की तो आणखी बळावतो. वास्तविक जांभळा रंग वाणाचा किंवा थंडीचाही असतो. युटा राज्य विद्यापीठातील वेस्टमोरलँड व बगबी यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जादा स्फुरदाने उत्पन्न वाढले नाही, गुणवत्ताही सुधारली नाही. निथळणाऱ्या पाण्यातले स्फुरद तेवढे वाढले.

वर्गातील प्रयोग

आपल्या महाविद्यालयांत हे सर्व दाखविण्यासाठी गांजाची गरज नाही आणि कायद्याने ते शक्यही नाही. घेवडा पुरेसा आहे. धुतलेल्या वाळूत सहा कुंड्या लावाव्यात. तीन कुंड्यांना पूर्ण द्रावण द्यावे. उरलेल्या तीनच्या द्रावणात मॅग्नेशियम सल्फेटऐवजी सोडियम सल्फेट घालावे, म्हणजे गंधक कायम राहून फक्त मॅग्नेशियम वगळले जाईल. घेवड्याच्या बियांत थोडा साठा असतो, त्यामुळे खूण दिसण्यास वेळ लागतो. घाई करू नये. पहिली तीन पाने उमलल्यावर प्रत्येक रोपाच्या एका पानाचा अर्धा भाग पांढऱ्या गाळणकागदाने सैलसर झाकावा आणि सर्व कुंड्या एकाच दिव्याखाली ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी दर दोन दिवसांनी पानाचा क्रमांक, दिव्यापासूनचे अंतर व रंग यांची नोंद करावी, आणि कोणत्या कुंडीला कोणते द्रावण दिले हे त्यांना शेवटपर्यंत सांगू नये.