भंगार बदलले, शिल्पही बदलले

मोटारसायकलच्या भंगारातून घोडे, बैल, गरुड, विंचू घडवणारे कारागीर आज लहानसहान गावांतल्या गॅरेजांतही भेटतात. हौस नवी वाटते, पण तिचा माग काढत गेले की आपण पॅरिसलगतच्या रेनॉ कारखान्यात पोचतो. हुलिओ गोन्झालेस हा स्पॅनिश कारागीर १९१८ मध्ये तिथे ऑक्सिॲसिटिलीन वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडात काम करायचे होते, तेव्हा त्याने याच मित्राला गाठले. त्याच पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे डोके उभे केले. अमेरिकेतला डेव्हिड स्मिथ १९२५ मध्ये स्टुडबेकर मोटार कारखान्यात कामाला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रणगाडे अन् रेल्वे इंजिने वेल्ड करत होता. या मंडळींचे हात कारखान्यात तयार झाले आणि मालही कारखान्यांनीच टाकून दिलेला. पुढेही या कलेचे तेच राहिले: जसे भंगार, तसे शिल्प.

मुंबईत हा धागा पिलू पोचखानवाला (१९२३–८६) आणि आदी दाविएरवाला (१९२२–७५) यांनी उचलला. दाविएरवाला पेशाने औषधशास्त्रातले. दोघांनाही शिल्पकार ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन लाभले. यंत्रांचे टाकाऊ भाग जोडून त्यांनी केलेली शिल्पे अमूर्ताकडे झुकणारी होती. बडोद्यात राघव कनेरिया यांनीही साठच्या दशकात भंगाराला वेल्डिंग करून शिल्पे घडवली.

मोटारसायकल या कलेत शिरली ती रस्त्यावर तिची गर्दी झाल्यावर. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. राजदूत, येझदी, बुलेट आधीपासून होत्याच. टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, स्पोक असे बरेच काही तेव्हा पोलादी होते. या गाड्या थकून भंगारात येऊ लागल्या आणि वेल्डरच्या हाती तयार अवयवच पडले. कनेक्टिंग रॉड तर थेट मांडीच्या हाडासारखा. चेन एका अंगाने सहज वळते आणि दुसऱ्या अंगाने ताठ राहते, म्हणून घोड्याची आयाळ आणि सापाचा कणा तिच्यातून सुरेख होतो. क्लच प्लेटा एकावर एक सरकवल्या की खवले.

दिसते तितके हे सोपे मात्र नाही. गिअरचे पोलाद कडक. टाका झटकन थंड झाला की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि कडेने केसासारखा तडा जातो. म्हणून जाणता वेल्डर गिअर आधी तापवून घेतो, लो-हायड्रोजन रॉड वापरतो आणि काम झाले की तो तुकडा कोरड्या वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश निवू देतो. नटबोल्टांवरचे जस्त घासून काढले नाही, तर त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. शॉकअपमध्ये तेल कोंडलेले असते. तो बंद असताना तापवला तर फुटतो. टाकीत पेट्रोलची वाफ उरते, त्यामुळे आतून धुऊन पाणी भरल्याशिवाय तिच्याजवळ ठिणगी न्यायची नाही.

२०१६ मध्ये उलटा प्रकार घडला. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये तोडण्यासाठी मुंबईच्या दारूखान्यात गेली. तिच्या धातूतून अर्झान खंबाटा यांनी घडवलेल्या स्मारकाचे जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत अनावरण झाले. पुढच्याच महिन्यात बजाजने ‘व्ही’ ही मोटारसायकल पुढे आणली. तिच्या टाकीत विक्रांतचा धातू होता. एकाच जहाजातून शिल्पही निघाले आणि मोटारसायकलही.

दरम्यान मोटारसायकल बदलून गेली होती. स्पोकांच्या चाकांऐवजी अलॉय व्हील, पत्र्याच्या मडगार्डाऐवजी प्लास्टिक. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पोलादाला सुमारे दीड हजार अंश लागतात. शिवाय दोन्ही एकत्र वितळवले तर जोड ठिसूळ होतो. पूर्वी मुख्यतः इंजिनाच्या भागांपुरती असलेली ही अडचण आता निम्म्या गाडीला लागू झाली. त्यामुळे अलीकडच्या शिल्पांत टाक्यांच्या जोडीला नटबोल्ट दिसू लागले आहेत. काही जणांनी टिग वेल्डिंग शिकून फक्त ॲल्युमिनियमची वेगळी शिल्पे सुरू केली. ती हलकी, उजळ आणि गंजाची भीती नसलेली असतात. जुन्या लोखंडी घोड्याचा दणकटपणा त्यांच्यात येत नाही, पण त्यांनी तो आणावा तरी कशाला? इलेक्ट्रिक स्कूटरी भंगारात येऊ लागतील तेव्हा पिस्टन मिळणार नाहीत आणि चेनही क्वचितच मिळेल. आयाळ आणि कणा दुसऱ्या कशातून तरी काढावा लागेल.

आरएक्स १०० तर आता भंगारात क्वचितच येते. हौशी मंडळी चढा भाव मोजून ती पुन्हा रस्त्यावर आणतात. घोड्याच्या पोटासाठी जुनी पोलादी टाकी हवी असलेल्या शिल्पकाराला या गिऱ्हाइकांच्या आधी भंगारवाल्याकडे पोचावे लागते.