समुद्रकाठच्या सपाट मार्गावर सहकुटुंब सायकल : आजी-आजोबांनी काय काळजी घ्यावी?

मुला-मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांचा हमखास येणारा एक प्रश्न असतो : "डॉक्टर, नातवंडांबरोबर सायकल चालवली तर चालेल का?" मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असली तरी बहुतेकांसाठी उत्तर 'हो' असेच आहे. मात्र रस्ता सपाट आहे म्हणून श्रम होणारच नाहीत, असे समजू नये.

हा मार्ग सोपा का वाटतो?

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागराच्या काठचा सायकलमार्ग हे याचे उत्तम उदाहरण. सॅन होजेपासून गाडीने साधारण दीड तासावर असल्याने बे एरियातील अनेक मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी इथे जातात. कॅस्ट्रोव्हिल ते पॅसिफिक ग्रोव्ह असा सुमारे २९ किलोमीटरचा हा डांबरी मार्ग बराचसा सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या जुन्या मार्गावरून जातो. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, त्यामुळे रूळ टाकतानाच चढ सौम्य ठेवलेला असतो. मॉन्टेरीचा फिशरमन्स वॉर्फ ते पॅसिफिक ग्रोव्हचा लव्हर्स पॉइंट हा साधारण ३ किलोमीटरचा भाग तर जवळपास सपाटच आहे. उत्तरेकडे वाळूच्या टेकड्यांच्या भागात मात्र चढउतार लागतात.

चढ नसल्याने हृदयावर अचानक ताण येत नाही. शरीराचे वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवरचा भारही चालण्यापेक्षा कमी असतो.

खरा चढ वाऱ्याचा

समुद्रावरून येणारा वारा दुपारी वाढतो. मॉन्टेरीहून सीसाइडकडे निघाल्यावर तो बहुधा पाठीवर असतो. सायकल आपोआप पळते, दम लागत नाही, आणि आपण ठरवल्यापेक्षा लांब जातो. परतताना तोच वारा समोरून येतो. समजा, सायकलचा वेग ताशी १२ किलोमीटर आणि वाऱ्याचा १५ आहे. जाताना हवेचा अडथळा जवळजवळ नसतो. येताना मात्र ताशी २७ किलोमीटर वेगाची हवा अंगावर येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजेच सर्वाधिक श्रम आपण थकलेले असताना होतात.

म्हणून शक्यतो सकाळी निघा. एकूण तासभर सायकल चालवायची असेल, तर २० ते २५ मिनिटांनीच परत फिरा. कुठून वळायचे हे घरातल्या सर्वांत कमी दमाच्या व्यक्तीकडे पाहून ठरवा.

श्रम योग्य आहेत का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग ठीक आहे. दोन-तीन शब्दांतच धाप लागत असेल, तर वेग कमी करा किंवा उतरून चाला.

मधुमेह असल्यास

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

- निघण्यापूर्वी साखर तपासा. ती ९० पेक्षा कमी असल्यास आधी केळे किंवा दोन-तीन बिस्किटे खा.
- घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे, अचानक चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. "बाबा उगाच चिडलेत" असे समजून दुर्लक्ष करू नका.
- अशा वेळी थांबा, तीन-चार चमचे साखर किंवा अर्धा ग्लास फळांचा रस घ्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा.
- रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल, तर धडधड जाणवणार नाही. घाम मात्र येतो.
- साखर त्या रात्रीही उतरू शकते. जेवण टाळू नका.

भारतातून गेलेल्यांसाठी दोन खास सूचना

पहिली, अमेरिकेत उजव्या बाजूने चालवतात. एरवी हे लक्षात राहते, पण समोरून कोणी अचानक आले की सवयीने आपण डावीकडे वळतो. पॅसिफिक ग्रोव्हजवळ किनाऱ्यावर पहुडलेले सील पाहायला लोक मध्येच थांबतात, तिथे आधीच वेग कमी करा.

दुसरी, ब्रेक. भारतातील बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो. घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला, तर पुढचे चाक अडकून माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. मोकळ्या जागेत पाच मिनिटे दोन्ही ब्रेक दाबून पाहा. मार्गावर आलेल्या वाळूवर चाक घसरते. तिथे जोरात ब्रेक लावू नका आणि झटकन वळू नका.

तोल जाण्याची भीती असेल, तर तिथे भाड्याने मिळणारी चारचाकी पॅडलगाडी घ्या. त्यात कमीपणा नाही.

सीट, हेल्मेट आणि मुले

पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीमागे दुखते. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादेच बोट मावावे. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, मोठ्यांनीही घालावे. एक वर्षाखालील बाळाला सायकलवर नेऊ नये. धुके असले तरी अतिनील किरण त्वचेपर्यंत पोहोचतात, म्हणून सनस्क्रीन लावा.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

अलीकडे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी, तोल जाणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी.

लगेच ९११ ला फोन करा

- छातीत दाब किंवा दुखणे, घाम, जबडा वा हातात कळ
- चक्कर येऊन शुद्ध हरपणे
- तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोलताना अडखळणे

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. मेंदूतील रक्तस्राव काही तासांनंतरही लक्षात येऊ शकतो. औषधांची यादी खिशात असू द्या. परक्या गावातल्या डॉक्टरला तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.